ट्रिगर थंबचे क्लेम सारखे परत येतायत? कोड राहू द्या, बाजू कुठे गळतेय ते आधी बघा

ज्यांच्याकडे अमेरिकन क्लायंटचं ऑर्थो किंवा हँड सर्जरीचं मेडिकल कोडिंगचं काम आहे त्यांना हे दुखणं ओळखीचं असणार. डिनायलची, म्हणजे इन्शुरन्स कंपनीने नाकारलेल्या क्लेमची, शीट उघडली की ट्रिगर थंब, म्हणजे वाकवताना अडकणारा अंगठा, त्यात हटकून असतोच. करेक्ट करून पाठवला, पैसे आले, सगळे खूश, आणि पुढच्या महिन्यात त्याच क्लिनिकचे, त्याच डॉक्टरचे, तसलेच क्लेम पुन्हा हजर. मग मीटिंग होते, टीएल (टीम लीडर) म्हणतो कोडर्सना रीट्रेनिंग द्या, रीट्रेनिंग होतं, त्या आठवड्यात सगळ्यांना कोड तोंडपाठ असतो आणि क्लेम तरीही फिरतातच. कारण सरळ आहे, कोड येत नाही म्हणून हे होतच नाहीये. उजवा अंगठा का डावा ही एवढीशी माहिती चार्टपासून क्लेमपर्यंत येता येता मध्येच कुठेतरी गळते, आणि ती जिथे गळते तिथे कुणी बघत नाही.

खाली जे लिहिलंय ते अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम (आजारांचे कोड) आणि सीपीटी (प्रोसिजरचे कोड) यांबद्दल आहे. पुण्यात, ऐरोलीत, ठाण्यात बसून आपण जे करतो ते हेच, म्हणून मराठीत लिहितोय.

आधी कोड एकदा मांडून घेऊ म्हणजे पुढचं बोलता येईल. ट्रिगर फिंगरचं घराणं एम६५.३. त्यात अंगठा एम६५.३१, पण एवढ्यावर थांबलात तर तो कोड अर्धवट आहे, बिल होत नाही, सहावा आकडा लागतोच. १ म्हणजे उजवा, २ म्हणजे डावा, ९ म्हणजे बाजू माहीत नाही. म्हणजे एम६५.३११ उजवा अंगठा, एम६५.३१२ डावा, एम६५.३१९ अनस्पेसिफाइड. तर्जनीला ३२, मधल्या बोटाला ३३, अनामिकेला ३४, करंगळीला ३५, आणि शेवटचा आकडा सगळीकडे तसाच चालतो. एम६५.३० म्हणजे बोट कुठलं तेही माहीत नाही आणि हात कुठला तेही नाही.

नवीन लोक इथे दोन-तीन ठिकाणी अडखळतात. दोन्ही अंगठ्यांना त्रास असेल तर बायलॅटरल कोड शोधत बसतात, तो नाहीचे, ३११ आणि ३१२ दोन्ही द्यायचे. गल्लत का होते तर कार्पल टनेलला (मनगटात नस दबण्याचा आजार) तो आहे, जी५६.०३, आणि हे दोन आजार एकाच पेशंटमध्ये सर्रास सापडतात. दुसरं म्हणजे डी क्वेर्वेन (मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूचा टेंडनचा आजार), एम६५.४, त्याला अजिबात बाजू नाही, कोड तिथेच संपतो, त्यामुळे बाजूच्याच पानावरचा कोड बाजू मागत नाही तर हा का मागतो असं वाटणं साहजिक आहे. आणि तिसरं, शेवटी सातवं कॅरेक्टर म्हणून ए लावायचा नाही. इंज्युरीच्या एस कोड्सची सवय लागलेली असते, हात आपोआप जातो, पण एम६५.३११ सहा कॅरेक्टरवर पूर्ण आहे.

हा ९ येतो तरी कुठून

कोडरने आळस केला म्हणून ९ आला असं क्वालिटीवाल्यांना वाटतं. कधीकधी तसं असतंही, नाही असं नाही. पण क्लेम परत परत येत असतील तर कारण बहुतेक वेळा सिस्टिममध्ये बसलेलं असतं.

थोडं जुनं सांगतो. ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत अमेरिकेत आयसीडी-९ चालत होतं आणि त्यात ट्रिगर फिंगरला एकच कोड होता, ७२७.०३. बोट कुठलं, हात कुठला, काही नाही, सगळ्यांना एकच. १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-१०-सीएम आलं तेव्हा क्लिनिक्सनी काय केलं, तर डॉक्टरांच्या फेव्हरिट लिस्टमधले जुने कोड मॅपिंग टेबलला लावून एका फटक्यात बदलले. आता ७२७.०३ मध्ये बाजूच नव्हती तर मॅपिंग ती आणणार कुठून? टेबलने दिला एम६५.३०. तो डॉक्टरच्या फेव्हरिटमध्ये जाऊन बसला तो बसला, वर आपल्याच मनाने ‘ट्रिगर थंब’ असं नाव देऊन ठेवलेलं असतं, त्यामुळे डॉक्टरला वाटतं आपण अंगठाच निवडतोय. त्यात मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या सरकारी इन्शुरन्सने, पहिल्या वर्षी सवलत दिली होती की कोड बरोबर घराण्यातला आणि व्हॅलिड असेल तर फक्त स्पेसिफिक नाही म्हणून फिजिशियनचा क्लेम नाकारणार नाही. ती सवलत ऑक्टोबर २०१६ ला संपली. सवय मात्र तेवढ्यात पक्की झाली.

दुसरी जागा म्हणजे प्रॉब्लेम लिस्ट, पेशंटच्या आजारांची सिस्टिममधली यादी. पेशंट पहिल्यांदा फॅमिली डॉक्टरकडे गेला, त्याने घाईत एम६५.३१९ टाकला, हँड सर्जनकडे रेफर केलं, तो कोड रेफरलबरोबर आला आणि प्रॉब्लेम लिस्टमध्ये बसला. सर्जन नोटमध्ये व्यवस्थित ‘राइट थंब’ लिहितो, पण असेसमेंट (निदान) भरताना प्रॉब्लेम लिस्टमधून ओढतो. नोट बरोबर, कोड चुकीचा.

तिसरी जागा आपल्याकडची. इथल्या हॉस्पिटलच्या एमआरडीमधून (मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंट) जी मुलं-मुली या प्रोसेसला येतात त्यांनी डब्ल्यूएचओचं आयसीडी-१० वापरलेलं असतं. त्यात ट्रिगर फिंगर म्हणजे एम६५.३, बस्स. बाजू डिस्चार्ज समरीत शब्दात लिहायची. ते तिथे बरोबरच आहे. पण एनकोडरमध्ये, म्हणजे कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हातच्या सवयीने एम६५.३ टाइप केलं की जी लिस्ट उघडते तिच्यात सगळ्यात वर एम६५.३० असतो आणि टार्गेट डोक्यावर असलं की वरचाच क्लिक होतो.

चौथी जागा सगळ्यात त्रासदायक कारण ती कुणाला दिसतच नाही. कोडरने ३११ टाकला, ऑडिटमध्ये ३११ दिसतो, क्वालिटी शंभर टक्के, आणि तरी पेयरकडे, म्हणजे पैसे देणाऱ्या इन्शुरन्सकडे, ३१९ पोचलाय. मध्ये चार्ज एंट्री असते, दोन सिस्टिम जोडणारा इंटरफेस असतो, क्लायंटच्या पीएम (प्रॅक्टिस मॅनेजमेंट) सिस्टिममध्ये कोडची जुनी मास्टर यादी असते, तिथे कुणीतरी ‘ट्रिगर थंब’ या नावाला एकच कोड बांधून ठेवलेला असतो. म्हणून डिनायल आला की कोडिंग शीट उघडून भांडू नका, आधी प्रत्यक्ष गेलेल्या क्लेमची इमेज मागवा. कोडिंग शीट आणि क्लेम इमेज जुळत नसेल तर तुमचा वेळ वाचला, प्रश्न दुसऱ्या टीमचा आहे.

गळती शोधायची कशी

डिनायल शीट कोडरच्या नावाने सॉर्ट करू नका. मला माहितीये, सगळीकडे तेच करतात, कारण स्कोअरकार्ड कोडरचं असतं. डॉक्टरच्या नावाने करा. सगळे ९ एकाच डॉक्टरचे असतील तर फेव्हरिट लिस्ट बघायला सांगा. एकाच लोकेशनचे असतील तर तिथलं सुपरबिल किंवा तिथली मेडिकल असिस्टंट, म्हणजे बऱ्याचदा कागदी सुपरबिलवर एकच ओळ छापलेली असते आणि तिथे ती टिक करते. सगळ्या डॉक्टरांचे थोडे थोडे असतील आणि क्लेम इमेजवर वेगळा कोड असेल तर इंटरफेस. आणि एकाच कोडरचे असतील, भले डॉक्टर वेगवेगळे असोत, तर मग घ्या ट्रेनिंग.

हे एवढं केलं की क्लायंट कॉलवर बोलायला काहीतरी हातात असतं. ‘डॉक्टरांनी स्पेसिफिक डॉक्युमेंटेशन द्यावं’ अशी ईमेल कुणी वाचत नाही. ‘अमुक डॉक्टरांच्या फेव्हरिटमध्ये ट्रिगर थंब नावाखाली एम६५.३० आहे, तो काढून ३११ आणि ३१२ अशा दोन एंट्री टाका’ ही ईमेल वाचतात, कारण क्लायंटचा आयटीवाला ते काम लगेच करून मोकळा होतो.

चार्ट नीट वाचला तर बाजू बहुतेक वेळा सापडतेच

समजा चार्ट असा आहे. एचपीआयमध्ये (आजाराची हकिगत) लिहिलंय, ५८ वर्षांची बाई, उजव्या हाताने काम करणारी, तीन महिने अंगठा सकाळी अडकतो, दुसऱ्या हाताने सरळ करावा लागतो. एक्झाममध्ये, ए१ पुलीवर (अंगठ्याच्या मुळाशी टेंडन धरून ठेवणारी पट्टी) दाबलं की दुखतं, गाठ लागते, वाकवताना ट्रिगरिंग होतं. असेसमेंट, ट्रिगर थंब, एम६५.३१९. प्लॅन, आज स्टेरॉइड इंजेक्शन. आणि खाली प्रोसिजर नोट, ‘उजव्या अंगठ्याच्या फ्लेक्सर टेंडन शीथमध्ये इंजेक्शन दिलं’.

आता इथे नीट बघा. उजव्या हाताने काम करणारी यावरून उजवा अंगठा असं धरायचं नाही, ती हँड डॉमिनन्स आहे, आजाराची बाजू नाही. भरपूर जण इथे फसतात. एक्झाममध्ये बाजूच नाही. पण प्रोसिजर नोटमध्ये आहे आणि ती त्याच डॉक्टरची, त्याच दिवसाची, त्याच एन्काउंटरची आहे. मग कोड ३११. असेसमेंटमध्ये डॉक्टरने ३१९ निवडला होता म्हणून आपणही तोच ठेवायचा असं काही नाही, आपण लिखाण कोड करतो, ड्रॉपडाउन नाही. फक्त तुमच्या क्लायंटच्या गाइडलाइनमध्ये डॉक्टरने निवडलेला कोड न विचारता बदलायला परवानगी आहे का ते बघून घ्या, काही क्लायंट फार टोकाचे असतात.

माझं म्हणणं असं की ज्या व्हिजिटला इंजेक्शन किंवा सर्जरी झालीय तिथे ३१९ वापरायची वेळ जवळजवळ कधीच येऊ नये. सुई कुठल्या तरी एका अंगठ्यातच गेलीय ना, आणि ज्याने घातली त्याला ती कुठल्या अंगठ्यात गेली ते माहीत आहे. प्रोसिजरला एफ५ (उजव्या अंगठ्याचा मॉडिफायर, म्हणजे प्रोसिजर कोडला जोडायची खूण) लावलाय आणि डायग्नोसिसला ९, असा क्लेम बाहेर पडतोच कसा हा प्रश्न स्क्रबरवाल्यांना, म्हणजे क्लेम जाण्याआधी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना, विचारायला हवा. हा एक नियम एडिटमध्ये, म्हणजे त्याच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत, घालून घ्या, बोटाचा मॉडिफायर असेल आणि एम६५.३ मधला कोड ९ किंवा ० वर संपत असेल तर क्लेम होल्ड. अर्धे डिनायल तिथेच थांबतील.

आणि बाजू डॉक्टरने कुठेच लिहिली नसेल तर? ऑफिशियल गाइडलाइनमध्ये सोय आहे, बाजूपुरतं दुसऱ्या क्लिनिशियनचं डॉक्युमेंटेशन घेता येतं, म्हणजे नर्सची इनटेक नोट किंवा हँड थेरपिस्टची नोट. डायग्नोसिस मात्र डॉक्टरचंच लागतं. पण ही सोय फक्त बाजू लिहिलेली नसेल तेव्हा. डॉक्टर एका ठिकाणी उजवा म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी डावा, अशा वेळी नर्सच्या नोटवरून निकाल लावायचा नाही, तिथे डॉक्टरला क्वेरीच, म्हणजे लेखी प्रश्न, जाते.

असं भांडण टेम्प्लेटमुळे होतं. मागच्या व्हिजिटला डाव्या अंगठ्याला इंजेक्शन होतं, यावेळी उजवा दुखतोय, डॉक्टरने जुनी नोट कॉपी केली, एचपीआय बदलला आणि एक्झाम तसाच राहिला. क्वेरी लिहिताना दोन्ही वाक्यं जशीच्या तशी तारखेसकट समोर ठेवा आणि पर्याय द्या, उजवा, डावा, दोन्ही, इतर, सांगता येत नाही. ‘उजवा आहे ना, कन्फर्म करा’ असं लिहू नका. ती लीडिंग, म्हणजे उत्तर सुचवणारी, क्वेरी होते, आणि उत्तर हो आलं तरी ऑडिटमध्ये टिकत नाही. पैसे किती अडकलेत तेही क्वेरीत घालायचं नाही.

डिनायल कोड काय सांगतोय ते वाचा, सगळेच बाजूचे नसतात

सीओ-११ म्हणजे डायग्नोसिस प्रोसिजरशी जुळत नाही. सीओ-४ म्हणजे मॉडिफायरची गडबड. सीओ-५० म्हणजे मेडिकल नेसेसिटी, काही पेयर इंजेक्शनच्या लिस्टमध्ये अनस्पेसिफाइड कोड ठेवतच नाहीत त्यामुळे ३१९ तिथे पडतो. सीओ-१४६ म्हणजे त्या तारखेला तो डायग्नोसिस कोड व्हॅलिडच नव्हता, इथे पाच कॅरेक्टरचा एम६५.३१ गेलाय का ते आधी बघा. सीओ-१८ म्हणजे डुप्लिकेट.

हा सीओ-१८ गमतीशीर आहे. पेशंटच्या दोन्ही अंगठ्यांना एकाच दिवशी इंजेक्शन दिलं, इंजेक्शनचा कोड २०५५० दोनदा गेला, मॉडिफायर नाही, दोन्हीला डायग्नोसिस ३१९. पेयरला दोन एकसारख्या ओळी दिसल्या, एक उडवली. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं काय चुकलं? दोन ओळी करा, एकीला एफए आणि ३१२, दुसरीला एफ५ आणि ३११.

मॉडिफायरचा गोंधळ तर कायमचा. एफए डावा अंगठा, मग एफ१ ते एफ४ डाव्या हाताची तर्जनी ते करंगळी. एफ५ उजवा अंगठा, मग एफ६ ते एफ९ उजव्या हाताची बोटं. पाच बघून पाचवं बोट, म्हणजे करंगळी वाटते, आणि एक बघून अंगठा वाटतो. दोन्ही चूक. त्यात डॉक्टर कधी ‘फर्स्ट डिजिट’ लिहितात, तो अंगठा. पण ‘फर्स्ट फिंगर’ लिहिलं तर त्याला अंगठा म्हणायचाय का तर्जनी हे तुम्ही ठरवू नका. ‘फोर्थ फिंगर’चंही तसंच, कुणी अनामिका म्हणतं कुणी करंगळी. बोटाचं नाव नोटमध्ये कुठेच नसेल तर क्वेरी.

बरं, बंडलिंग एडिट (एक प्रोसिजर दुसरीतच धरायचा नियम) आला की लगेच ५९, म्हणजे ‘ही प्रोसिजर वेगळी आहे’ सांगणारा मॉडिफायर, चिकटवायची सवय सोडा. एनसीसीआयमध्ये, म्हणजे मेडिकेअरच्या बंडलिंगच्या नियमांत, बोटांचे मॉडिफायर स्वतःच एडिट उघडू शकतात, वेगळं बोट असेल तर ते पुरतं. त्याच शीथमध्ये ट्रिगर रिलीज (पुली कापून टेंडन मोकळं करायची सर्जरी) आणि त्याच वेळी इंजेक्शन असेल तर मात्र कुठलाच मॉडिफायर लावून ते वेगळं होत नाही, रिलीजचाच २६०५५ जाणार.

पॉइंटरचं, म्हणजे कुठली प्रोसिजर कुठल्या डायग्नोसिससाठी हे दाखवणाऱ्या अक्षराचं, एक उदाहरण देतो कारण हे फार होतं आणि कुणी बघत नाही. पेशंटची एकाच बैठकीत उजव्या हाताची कार्पल टनेल सर्जरी आणि उजव्या अंगठ्याचा ट्रिगर रिलीज. डायग्नोसिस ए मध्ये जी५६.०१, बी मध्ये एम६५.३११. प्रोसिजर ६४७२१ आणि २६०५५ एफ५. कोड सगळे बरोबर, बाजू बरोबर, तरी सीओ-११. का? तर क्लेम फॉर्मच्या २४ई रकान्यात दोन्ही ओळींना एबी असा पॉइंटर गेला होता. बऱ्याच पेयरची सिस्टिम पहिला पॉइंटर मुख्य धरते, म्हणजे ट्रिगर रिलीज केला कशासाठी, तर कार्पल टनेलसाठी असा त्याचा अर्थ झाला. २६०५५ ला फक्त बी द्यायचा, ६४७२१ ला फक्त ए. सीएमएस-१५०० या क्लेम फॉर्मवर १२ डायग्नोसिस बसतात आणि एका ओळीला चार पॉइंटर देता येतात, पण देता येतात म्हणून चारही द्यायचे असं नसतं.

नव्वद दिवसांच्या आतला दुसरा अंगठा

२६०५५ ला ९० दिवसांचा ग्लोबल आहे, म्हणजे तेवढ्या काळातल्या सर्जरीशी संबंधित तपासण्या सर्जरीच्याच पैशात धरतात, इंजेक्शनच्या २०५५० ला शून्य. उजव्या अंगठ्याचा रिलीज झाला, दीड महिन्याने पेशंट डावा घेऊन आला, डॉक्टरने तपासलं आणि तिथेच इंजेक्शन दिलं. व्हिजिटला मॉडिफायर २४ (सर्जरीशी संबंध नसलेली व्हिजिट) आणि २५ (प्रोसिजरपेक्षा वेगळी तपासणी), अर्थात इंजेक्शन द्यायचं ठरवण्यापलीकडे वेगळी तपासणी डॉक्युमेंट असेल तरच, आणि इंजेक्शनला ७९ (आधीच्या सर्जरीशी संबंध नसलेली प्रोसिजर) आणि एफए. हे बहुतेकांना येतं. पण डायग्नोसिसला ३१९ गेला तर पेयरला कसं कळणार की हा वेगळा अंगठा आहे? त्याच्याकडे आधीच एक ट्रिगर थंबची सर्जरी ग्लोबलमध्ये पडलेली आहे, तो सरळ त्यातच गुंडाळतो आणि सीओ-९७ (याचे पैसे आधीच्या सेवेतच आलेत) पाठवतो. इतर ठिकाणी ९ ने फार तर उशीर होतो, इथे आख्खी व्हिजिट जाते. डाव्या अंगठ्याचं ३१२ दिसलं की अपील करायचीही गरज पडत नाही.

ऑपरेशन झालेल्या अंगठ्याच्या साध्या पोस्ट-ऑप तपासणीला ९९०२४, पैसे नाहीत, विषय संपला.

डॉक्टरने ट्रिगर शब्दच लिहिला नाही तर

‘स्टेनोजिंग टेनोसायनोव्हायटिस, थंब’ एवढंच लिहिलेलं असतं. आता ट्रिगर थंब पण स्टेनोजिंग टेनोसायनोव्हायटिस आणि डी क्वेर्वेन पण तेच, एक तळहाताच्या बाजूला ए१ पुलीशी, दुसरा मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला. एक्झाममध्ये फिंकेलस्टीन टेस्ट पॉझिटिव्ह दिसली की तुम्हाला कळतं डी क्वेर्वेन आहे, आणि ए१ पुलीवर गाठ दिसली की कळतं ट्रिगर आहे. कळलं तरी ते आपण लिहायचं नसतं. एक्झामवरून डायग्नोसिस बनवणं कोडरचं काम नाही, क्वेरी टाका. आणि असं कळत नाही म्हणून एम६५.९ टाकून मोकळं व्हायची जुनी पळवाट असेल तर तीही बंद झालीय, १ ऑक्टोबर २०२४ पासून एम६५.९ फुटलाय, त्यालाही आता जागा आणि बाजू लागते, नुसता एम६५.९ इनव्हॅलिड जातो.

‘प्रॉबेबल ट्रिगर थंब’, ‘रूल आउट ट्रिगर थंब’ असेल तर ओपीडीत ते कोड होत नाही. लक्षण कोड करायचं, उजव्या बोटाचं दुखणं एम७९.६४४, डावं एम७९.६४५.

ओव्हरयूज हा शब्द दिसला की सावध व्हा. डॉक्टर लिहितो टायपिंगमुळे ओव्हरयूज, ट्रिगर थंब, आणि कोडर उत्साहाने एम७० (अतिवापराचे आजार) मधला एक कोड जोडतो. एम६५ ला एम७० चा एक्सक्लूड्स१ आहे, म्हणजे दोन्ही एकत्र द्यायचे नाहीत, स्क्रबर तिथेच अडवतो. ट्रिगर थंब लिहिलंय तर एम६५.३११ पुरे.

डायबेटिसचं काय करायचं

ट्रिगर थंबच्या पेशंटमध्ये डायबेटिस वारंवार दिसतो, त्यामुळे हा प्रश्न ग्रूपवर सतत येतो, ई११.६१८ (डायबेटिसमुळे झालेला सांध्यांचा इतर आजार) लावू का? इंडेक्समध्ये डायबेटिसच्या ‘विथ’ खाली जे आजार नावाने दिलेत ते आपोआप जोडलेले धरायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ट्रिगर फिंगर त्या यादीत नावाने नाहीये. आर्थ्रोपथी एनईसी (वेगळं नाव न दिलेले सांध्यांचे आजार) आहे म्हणून त्यात ढकलायचं नाही, एनईसीवाल्यांना डॉक्टरने स्वतः संबंध लिहावा लागतो. त्याने ‘डायबेटिसमुळे’ असं लिहिलं नसेल तर एम६५.३११ आणि सोबत ई११.९ (गुंतागुंत नसलेला डायबेटिस), गोळ्या असतील तर झेड७९.८४, इन्सुलिन असेल तर झेड७९.४, दोन्ही असतील तर दोन्ही. डायबेटिस कोड करायला कारणही बहुधा नोटमध्येच असतं, स्टेरॉइडने शुगर वाढेल, दोन-चार दिवस तपासत राहा असा सल्ला डॉक्टर देतोच.

लहान मुलांचा अंगठा

दीड-दोन वर्षांचं मूल, अंगठा वाकलेलाच राहतो, सरळ होत नाही. जन्मजात दोषाचा क्यू७४.० का एम६५.३११? इंडेक्समध्ये ट्रिगर फिंगरपुढे ‘अक्वायर्ड’ (नंतर झालेला) कंसात आहे, म्हणजे तो शब्द नसला तरी अक्वायर्डच धरायचं. कंजेनिटल (जन्मजात) असं स्वच्छ लिहिलं असेल तरच क्यू७४.०. नुसतं मूल लहान आहे म्हणून कंजेनिटल नाही. हँड सर्जन लोकांमध्ये आता हे जन्मजात नसून नंतर होतं असाच मतप्रवाह आहे, त्यामुळे बरेच जण मुद्दाम ‘पीडियाट्रिक ट्रिगर थंब’ लिहितात, त्याला एम६५.३१ मधलाच कोड जातो. आणि क्यू७४.० ला बाजू नाही, तिथे बाजू फक्त मॉडिफायरमधूनच कळते, म्हणून या क्लेमवर एफए किंवा एफ५ विसरला तर पेयरला ती कुठूनच मिळत नाही.

दुरुस्त करून परत पाठवताना

कमर्शियल पेयर असेल तर नवा क्लेम पाठवू नका, तो डुप्लिकेट म्हणून पडतो. रकाना २२ मध्ये फ्रीक्वेन्सी कोड ७ आणि मूळ क्लेमचा नंबर घालून करेक्टेड क्लेम जातो. मेडिकेअर पार्ट बी मात्र हा ७ घेत नाही. तिथे एमए१३० आला असेल तर क्लेम प्रोसेसच झालेला नाही, सरळ नव्याने पाठवा. प्रोसेस होऊन नाकारला असेल तर क्लेरिकल एररचं रीओपनिंग मागायचं, पहिल्या निर्णयापासून एक वर्षाच्या आत. ९ काढून १ केला हे क्लेरिकलमध्ये बसतं, पण चार्टमध्ये आधीपासून उजवा लिहिलेलं असेल तरच. डॉक्टरने आत्ता क्वेरीनंतर नोटला जोड म्हणून अॅडेंडम लिहिलं असेल तर अॅडेंडमवर आजचीच तारीख आणि सही हवी, जुनी तारीख टाकून नोट बदलून दिली तर तो क्लेम पाठवायचा नाही, आपल्या कंप्लायन्सवाल्यांना कळवायचं, क्लायंट कितीही मोठा असला तरी.